दुसऱ्यांच्या सेवा जोडून मोबाइल ॲप करताय? आधी गरजा अशा शोधा, अशा लिहा

आज कुठलंही ॲप उघडा. लॉगिनचा ओटीपी एका कंपनीच्या एसएमएस सेवेतून येतो, नकाशा दुसरीचा असतो, पैसे यूपीआयने जातात, हवामान आणखी कुठून तरी येतं. आपण लिहिलेला कोड या सगळ्यांना क्रमाने हाक मारतो आणि त्यांची उत्तरं जुळवतो, एवढंच. संशोधनात याला सर्व्हिस कॉम्पोझिशन म्हणतात. विषय जुना आहे. २००२ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए यांनी सेवांचा क्रम लिहिण्यासाठी बीपेल नावाची भाषा मांडली आणि २००७ मध्ये ओएसिस या संस्थेने तिची दुसरी आवृत्ती मानक म्हणून मंजूर केली. त्यानंतर सेवा मोबाइलवर आल्या आणि प्रश्न वाढले, कारण मोबाइल खिशात असतो, रेंजबाहेर जातो, त्याची बॅटरी संपते.

मी नागपुरात हिंगणा रोडकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. शेवटच्या वर्षाचे आणि एम.टेक.चे प्रकल्प पाहते. मुलं-मुली शोधनिबंध वाचून येतात तेव्हा सेवा निवडायचा अल्गोरिदम त्यांच्याकडे तयार असतो. पण ही सेवा कोणासाठी निवडायची, कशावरून चांगली म्हणायची आणि ती बंद पडली तर माणसाचं काय नुकसान होतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते आधी लिहावं लागतं. कसं लिहायचं, ते एका उदाहरणावर दाखवते.

उदाहरण संत्र्याच्या गाडीचं. काटोल-नरखेड भागातले बरेच बागायतदार बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकतात. काही जण मात्र स्वतः माल तोडून नागपूरच्या कळमना बाजारात आणतात. आपलं ॲप या दुसऱ्या लोकांसाठी आहे, असं धरू. त्यात हवामानाचा अंदाज हवा, कालचा बाजारभाव हवा, गाडी ठरवता यायला हवी, आगाऊ रक्कम देता यायला हवी आणि सगळ्यांना निरोप जायला हवा. पाच कामं, पाच सेवा, आणि त्यातली एकही आपली नाही.

लोकांकडे जा, आणि मागच्या खेपेबद्दल विचारा

संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिलात. मुलाखती त्याच काळात घ्या. जुलैमध्ये विचारलं तर लोक आठवून सांगतात, आणि आठवून सांगितलेल्यात अडचणी गळून जातात.

"ॲपमध्ये तुम्हाला काय काय पाहिजे?" हा प्रश्न टाळा. समोरचा माणूस भला असतो, तो तुमच्या समाधानासाठी काहीतरी सांगतो आणि तुम्ही ते खरं धरून बसता. त्यापेक्षा असं विचारा: "काकाजी, मागच्या खेपेला माल नेला तेव्हा पहिल्यापासून काय काय केलं ते सांगा. पहिला फोन कोणाला लावला?" मग मध्ये बोलू नका. फोन कोणाला, कोणत्या वेळी, उत्तर नाही आलं तेव्हा काय केलं, हे उतरवून घ्या. ते ज्या शब्दांत बोलतात त्याच शब्दांत उतरवा. वहीत "वाहतूक व्यवस्थापन" लिहिलं की त्यातून काही कळत नाही.

आमच्या एका गटाने "भाव दाखवा" ही पहिली गरज म्हणून लिहून आणली होती. मी त्यांच्यासोबत गेले, तेव्हा काटोलजवळचे एक बागायतदार म्हणाले, "भाव तं मॅडम मी रोजच पाहून राहिलो मोबाइलवर. पन तो भाव कोन्त्या मालाचा? माह्या मालाचा भाव त्याच्यात कुठी दिसते?" हे बोलणं मी वर्गात दर वर्षी सांगते. बाजारभावाची सरकारी माहिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण अशा तीन आकड्यांत येते. फळ मोठं की बारीक, डागी की स्वच्छ, हे त्या आकड्यांना माहीत नसतं. मग पुढचा प्रश्न विचारायचा: "भाव कशासाठी पाहता?" उत्तर आलं, उद्या तोडायचं की दोन दिवस थांबायचं हे ठरवायला. खरी गरज ही. भाव हा ते ठरवण्यातला एक भाग झाला. दुसरा भाग पावसाचा, तिसरा मजुरांचा आणि चौथा गाडी मिळते की नाही याचा.

"कशासाठी" विचारत वर जायचं आणि "कसं" विचारत खाली यायचं, ही पद्धत संशोधनात चांगली मुरलेली आहे. ॲक्सेल फान लाम्सवेर्ड आणि सहकाऱ्यांची काओस पद्धत याच धाग्यावर आहे. एरिक यू यांनी १९९५ मध्ये टोरांटोच्या पीएचडीत मांडलेली आय-स्टार पद्धत यात आणखी एक गोष्ट घालते: कोण कोणावर अवलंबून आहे. आपल्या उदाहरणात हा अवलंबनाचा नकाशा कागदावर काढाच. बागायतदार तोडणीवाल्या मुकादमावर अवलंबून, मुकादम मजुरांवर, गाडीवाला माल वेळेवर भरून होण्यावर, अडत्या गाडी येण्यावर. घरचा स्मार्टफोन बहुतेक वेळा मुलाच्या किंवा पुतण्याच्या हातात असतो, म्हणून तोही नकाशात हवा. गाडीवाल्याशी वेगळं बसून बोला. तो गाडी चालवताना स्क्रीनला हात लावणार नाही, लावूही नये. त्याच्यासाठी जे काही असेल ते गाडी सुरू होण्याआधीचं किंवा थांबल्यानंतरचं असलं पाहिजे.

परत न फिरवता येणारी पायरी शोधा

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि शोधनिबंधांत याला सगळ्यात कमी जागा मिळते. त्याच बागायतदारांनी पुढे सांगितलं: "झाडावरचा माल दोन-चार दिवस थांबते. तोडलेला नाही थांबत. गाडी नाही आली तं पडून राह्यते."

म्हणजे इथे मागे न फिरणारी पायरी कोणत्याही सेवेत नाही. ती बागेत आहे: मुकादमाला "उद्या या" म्हणून निरोप गेला आणि सकाळी कात्री चालली की परतीचा रस्ता बंद. ॲपला ती पायरी दिसतसुद्धा नाही. तरी बाकीच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम तिच्यावरून ठरतो. गाडीचं काय ते निरोपाआधी पक्कं झालं पाहिजे. हवामानाचा अंदाजही त्याआधी पाहून झाला पाहिजे. पैसे मात्र नंतर गेले तरी चालतात. मुकादमाला निरोप रात्री आठपर्यंत पाहिजे असेल, तर तुमच्या सगळ्या सेवांना मिळून घड्याळातली एक वेळ मिळाली: रात्री आठ. "प्रणाली जलद असावी" या वाक्यापेक्षा हे कितीतरी कामाचं आहे.

तुमचा विषय संत्र्यांचा नसेल तरी अशी पायरी असतेच. घरी येऊन रक्ताचा नमुना घेणाऱ्या लॅबच्या ॲपमध्ये ती म्हणजे रुग्णाचं उपाशी राहणं. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तपासणीसाठी गोंदिया-छिंदवाड्याकडून येणाऱ्यांच्या प्रवासाच्या ॲपमध्ये ती म्हणजे पहाटे घर सोडणं.

गरज, समज आणि वचन वेगवेगळं लिहा

पामेला झेव्ह आणि मायकल जॅक्सन यांनी १९९७ च्या एका निबंधात एक साधी चौकट घालून दिली. जगात काय घडायला हवं ती गरज. आपली प्रणाली काय करील ते तिचं वर्णन. आणि या दोघांना जोडणारे जगाबद्दलचे आपले समज. वर्णन आणि समज एकत्र धरले की गरज सिद्ध झाली पाहिजे. समज खोटा निघाला तर प्रोग्राम तंतोतंत बरोबर चालूनही गरज भागत नाही.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण वॉर्साचं आहे. १४ सप्टेंबर १९९३ रोजी तिथल्या विमानतळावर एक एअरबस ए-३२० ओल्या धावपट्टीवर उतरलं. विमान जमिनीवर टेकलंय की नाही, हे संगणक चाकांवरच्या भारावरून आणि चाकांच्या फिरण्यावरून ओळखत होता. वाऱ्यामुळे एका बाजूची चाकं उशिरा टेकली, पाण्यावरून घसरली, आणि वेग रोखणारी उपकरणं काही सेकंद उशिरा उघडली. दोन जण दगावले. अपघाताला इतर कारणंही होती, पण संगणक त्याला लिहून दिलं होतं तसाच वागला होता.

आता आपली गाडी घ्या. कागदाचे तीन उभे रकाने पाडा: गरज, समज, वचन. गरजेच्या रकान्यात लिहा: बागायतदाराला गाडी पक्की झाली की नाही हे रात्री आठच्या आत कळलं पाहिजे, आणि पक्की म्हटलेली गाडी दुसऱ्या दिवशी सायंकाळी बागेपाशी आली पाहिजे. वचनाच्या रकान्यात, गाड्या ठरवून देणाऱ्या सेवेने तिच्या कागदपत्रांत जे लिहिलंय तेवढंच, तिच्याच शब्दांत: विनंती पाठवल्यावर "स्वीकारली" किंवा "नाकारली" असं उत्तर मिळेल. आता मधला रकाना भरा. वचनापासून गरजेपर्यंत पोचायला काय खरं असावं लागतं? "स्वीकारली" म्हणजे गाडी येईलच. सेवेच्या नकाशात बागेपर्यंतचा पांधण रस्ता आहे. गाडीवाल्याला जेवढे क्रेट सांगितले तेवढे त्याच्या गाडीत बसतात. बागायतदाराच्या फोनला आठच्या आधी रेंज असते.

एकेक समज घेऊन खऱ्या माणसाला विचारायचा. पहिला समज आम्ही छोटा हत्ती चालवणाऱ्या एका दादांना विचारला. ते म्हणाले, "बुकिंग घेतो न मी. पन त्याच टायमाले लांबचं भाडं भेटलं तं मंग काय करू? कॅन्सल करा लागते." त्यांची बाजू पटण्यासारखी होती, डिझेल आणि हप्ता त्यांचा आहे. पण समज तिथेच पडला. मग गरज भागवायला नवं वर्णन लागलं: तोडणी सुरू होण्याआधी सकाळी गाडीवाल्याकडून एकदा दुजोरा घ्यायचा, तो नाही आला तर दुसरी गाडी शोधायची आणि तीही मिळाली नाही तर मुकादमाला थांबवायचं. एका प्रश्नातून तीन नवी वाक्यं निघाली, आणि ती कोड लिहिण्याआधी निघाली.

तुमचा मधला रकाना रिकामा राहिला असेल तर काम झालेलं नाही, असं मी मुलांना स्पष्ट सांगते. समज नसलेलं ॲप मी पाहिलेलं नाही.

वाक्यं कशी लिहायची

२००९ मध्ये ॲलिस्टेअर मॅव्हिन आणि रोल्स-रॉइसमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गरजा लिहिण्याचे काही ठरावीक साचे मांडले. त्याला इअर्स म्हणतात. मराठीत ते सहज बसतात: "जेव्हा अमुक घडेल तेव्हा ॲपने तमुक करावं", "अमुक स्थिती असेपर्यंत ॲपने तमुक करावं", आणि नको असलेल्या घटनेसाठी "जर अमुक झालं तर ॲपने तमुक करावं".

सेवा जोडताना "जर"च्या साच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक बाहेरच्या सेवेसाठी निदान चार "जर" हवेत: उत्तर आलंच नाही तर, उशिरा आलं तर, चुकीचं किंवा शिळं आलं तर, आणि एकच उत्तर दोनदा आलं तर. हवामानासाठी आम्ही लिहिलेलं एक वाक्य असं होतं: "जर हवामान सेवेने ५ सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर ॲपने आधीचा साठवलेला अंदाज, तो किती वाजताचा आहे त्या वेळेसह दाखवावा, आणि तो १२ तासांहून जुना असेल तर अंदाज न दाखवता तसं सांगावं." १२ हा आकडा विचारून आलेला आहे. लोक सकाळचा अंदाज संध्याकाळी चालवून घेतात, कालचा घेत नाहीत.

"लगेच", "सोपं", "सुरक्षित" हे शब्द दिसले की तिथे थांबा आणि मोजता येईल असं काही लिहा. गरजांच्या कागदपत्राचं मानक म्हणून कॉलेजांत अजून आयईईई ८३० शिकवलं जातं, पण ते १९९८ चं आहे. २०११ मध्ये त्याची जागा २९१४८ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली आणि २०१८ मध्ये तेही सुधारलं गेलं. अहवालात नवीन वापरा.

गणित करा, आणि साखळी छोटी करा

एकामागून एक बोलावलेल्या सेवांचा वेळ बेरजेने वाढतो. एकाच वेळी बोलावल्या तर सगळ्यात हळू सेवेएवढा लागतो. उपलब्धता मात्र गुणाकाराने घटते. प्रत्येक सेवा ९९ टक्के वेळ चालू असेल आणि पाचही लागत असतील, तर सगळं मिळून साधारण ९५.१ टक्के होतं. तीस दिवसांच्या महिन्यात एका सेवेची बंद वेळ ७ तासांच्या आसपास, आणि पाचांच्या साखळीची ३५ तासांच्या आसपास. हा आकडा फळ्यावर मांडला की वर्ग शांत होतो.

पण लगेच महागडी सेवा घ्यायला धावू नका. आधी प्रत्येक सेवेला विचारा: तू नसलीस तर रात्री आठपर्यंतचा निर्णय अडतो का? हवामान साठवलेलं चालतं. भाव कालचाच असतो, तो दुपारीच आणून ठेवता येतो. पैसे सकाळी गेले तरी चालतात. मग अडवणाऱ्या दोनच राहिल्या: गाडी आणि निरोप. साखळी दोनाची झाली आणि उपलब्धता ९८ टक्क्यांवर आली. सेवा त्याच, खर्च तोच. फरक पडला तो गरज नीट समजल्याने.

एकाच कामासाठी अनेक सेवा असतील तेव्हा त्यांतून निवड कशी करायची, यावर भरपूर संशोधन आहे. २००४ चा झेंग, बेनातल्लाह आणि सहकाऱ्यांचा निबंध वाचाच. त्यांनी ही निवड पूर्णांकी प्रोग्रामिंगने, म्हणजे अटी पाळून सगळ्यात चांगला पर्याय काढणाऱ्या गणिताने, सोडवली आहे. त्यात वेळ, किंमत, विश्वासार्हता यांना वजनं द्यावी लागतात. ती वजनं तुम्ही मनाने ०.३, ०.३, ०.४ अशी टाकली तर पुढचं सगळं गणित त्या मनाच्या आकड्यांवर उभं राहतं. वजनं मुलाखतींतून आणा. दोन पर्याय समोर ठेवा, "पंधरा मिनिटं उशिरा येणारी पण हमखास गाडी, की वेळेवरची पण कधी कधी रद्द होणारी?" आणि बागायतदारालाच निवडू द्या.

मोजमापाबद्दल थोडं. कॉलेजच्या वायफायवर घेतलेला वेळ अहवालात टाकू नका. बागेत मोजा, पत्र्याच्या शेडखाली मोजा, गर्दीच्या वेळी कळमन्यात मोजा. सरासरीबरोबर शंभरातल्या सगळ्यात हळू पाच विनंत्यांना किती वेळ लागला तेही लिहा, कारण लोकांच्या लक्षात तेच प्रसंग राहतात. आणि तुमचं ॲप शहरातलं असेल, म्हणजे नागपूरची 'आपली बस' ही शहर बससेवा किंवा मेट्रो जोडणारं, तर मे महिन्यात दुपारी बाहेर उभं राहून तपासा. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश सभोवतालचं तापमान सांगते. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, फोन तापतो, स्क्रीन मंद होते, जीपीएस चालू ठेवणारं ॲप आधी बंद पडतं. परदेशातल्या निबंधांत ही अट सापडणार नाही; नागपूरकराने ती लिहिली पाहिजे.

निरोप: एक एसएमएस जवळून पाहू

अँड्रॉइडने २०१५ पासून, आवृत्ती ६ पासून, पडून असलेल्या फोनवर पार्श्वभूमीतली कामं लांबवायला सुरुवात केली. बॅटरीसाठी ते बरंच आहे, पण त्यामुळे ॲपची सूचना आठच्या आत पोचेलच असं धरता येत नाही. म्हणून निर्णायक निरोप एसएमएसनेही जावा.

देवनागरी एसएमएस युनिकोडमध्ये जातो आणि त्यात १६० ऐवजी ७० चिन्हं बसतात. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणारी खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. "पक्की" हा शब्द पाच चिन्हांचा आहे. आमचा निरोप असा ठरला:

"गाडी पक्की. उद्या सायंकाळी ६ वाजता. ७ पर्यंत न आल्यास दुसरी पाठवू."

मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ही ६६ चिन्हं होतात. शेवटी "धन्यवाद" जोडलं की ७४, म्हणजे दोन एसएमएस, दुप्पट खर्च, आणि साध्या फोनवर तुकडे मागेपुढे येण्याची शक्यता. पण मोजणीपेक्षा शेवटचं वाक्य बघा. "दुसरी पाठवू" हे आपण दिलेलं वचन आहे. ते निरोपात घालायचं तर त्यामागे एक गरज, एक "जर" आणि सात वाजता फोनपाशी बसलेला माणूस लागतो. तो माणूस नसेल तर वाक्य काढा.

भारतात व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार नियमांनुसार आधी नोंदवावा लागतो. ऐनवेळी शब्द बदलता येत नाहीत. तेव्हा रद्द झाल्याचा, उशिराचा, पैसे परत गेल्याचा, असे सगळे निरोप गरजांच्या टप्प्यातच लिहून, मोजून, दोन-चार लोकांना वाचून दाखवून ठेवा.

पैसे आणि उलट पावलं

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि आता पानटपरीवरही तेच चालतं, त्यामुळे मुलं ते गृहीत धरतात. गरजा लिहिताना पैसे गेले, नाही गेले आणि प्रलंबित अशा तिन्ही स्थिती लिहा. तिसरी विसरली जाते. खात्यातून वजा झाले, पलीकडून उत्तर नाही, माणूस पुन्हा बटण दाबतो. म्हणून एका मागणीला एकच क्रमांक, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसऱ्यांदा पैसे न घेणं, ही गरज ठळक लिहा. प्रलंबित असताना गाडी धरून ठेवायची की सोडायची, हे प्रोग्रामरने ठरवायचं काम नाही. गाडीवाले आणि बागायतदार यांना एकत्र बसवून विचारा. आमच्या चर्चेत गाडीवाले म्हणाले, ओळखीच्या गावचा माणूस असेल तर धरतो. तेव्हा पहिल्यांदाच येणाऱ्या आणि नेहमीच्या ग्राहकांसाठी दोन वेगळे नियम झाले.

हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये सागा ही कल्पना मांडली: लांबलचक व्यवहाराचे छोटे टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्याला त्याची भरपाई करणारं उलट पाऊल ठरवायचं. गाडी ठरवली, तर रद्द करणं. पैसे घेतले, तर परत करणं. निरोप पाठवला, तर तो परत घेता येत नाही. दुसरा पाठवावा लागतो. हे तक्त्यात मांडा आणि ज्या पायरीला उलट पाऊलच नाही ती होता होईल तेवढी शेवटी न्या.

हा सगळा क्रम फोनवर चालवू नका. फोन मध्येच बंद झाला तर कुठपर्यंत आलो होतो हे लक्षात ठेवणारं कोणी राहत नाही. क्रम सर्व्हरवर ठेवा. फोनने फक्त विनंती साठवायची आणि रेंज आली की पाठवायची. गाडीवाल्याचं ठिकाण नोंदवत असाल तर कशासाठी, किती वेळ, आणि त्याची संमती कशी, हेही गरजांतच येऊ द्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तेच मागतो.

तपासा, आणि ॲप सुरू झाल्यावरही समज तपासत राहा

कागदावर स्क्रीन काढून लोकांपुढे ठेवा आणि मुद्दाम बिघाडाचा प्रसंग चालवा. "संध्याकाळचे सात वाजले, गाडी नाकारली गेली, हे दिसलं. आता तुम्ही काय कराल?" ते ॲपकडे न बघता थेट फोन लावतात असं दिसलं तर स्क्रीनवर फोन लावायचं बटण मोठं हवं.

शेवटी एक तक्ता ठेवा: गरज, तिच्यामागचे समज, कोणत्या सेवेचं कोणतं वचन, आणि चाचणी. सेवेने दर किंवा नियम बदलले की त्या ओळींवर बोट ठेवून कोणत्या गरजा हलल्या ते पाच मिनिटांत कळतं. स्टीफन फिकास आणि मार्टिन फेदर यांनी १९९५ मध्येच मांडलं होतं की ज्या समजांवर प्रणाली उभी आहे, त्यांच्यावर ती चालू असताना लक्ष ठेवावं. आपल्याकडे हे साधेपणाने करता येतं. स्वीकारलेल्या गाड्यांपैकी आठवड्यात किती रद्द झाल्या, आठच्या आत किती निरोप पोचले, किती व्यवहार रात्रभर प्रलंबित राहिले, हे सर्व्हरने रोज नोंदवायचं आणि मर्यादा ओलांडली की गटातल्या एका ठरलेल्या माणसाला कळवायचं. मर्यादा काय, ती कोणी ठरवली आणि तो माणूस कोण, हे तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहा. एम.टेक.चा विषय शोधत असाल तर इथून सुरुवात करा: हंगामभर या नोंदी ठेवा आणि कोणते समज कोणत्या आठवड्यात पडले ते पाहा. मृग बहाराची गाडी फेब्रुवारीत सुरू होते. त्याआधी तक्ता तयार असू द्या.